नाही म्हणायचा पगार

यंदा दिवाळीच्या फराळाला पुतण्या आला होता. चकली मोडता मोडता म्हणाला, "काका, सरकारचा पैशाचा कारभार एखाद्या एमबीए झालेल्याच्या हातात द्या. सहा महिन्यांत सुतासारखा सरळ करतो की नाही बघा." घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. तोंडावर उत्तर द्यायचं राहून गेलं (चिवड्याचा बकाणा भरला होता), म्हणून इथे देतो. तो हे पान वाचतो. निदान वाचतो असं सांगतो तरी.

सरकार म्हटलं की आपल्याला मंत्री दिसतात, सचिव दिसतात, कलेक्टर दिसतो. पैशाच्या खुर्चीवरचा माणूस दिसत नाही. मंत्रालयात तो एखाद्या खात्याचा वित्तीय सल्लागार असतो, जिल्ह्यात लेखाधिकारी किंवा कोषागार अधिकारी. खात्याचं अंदाजपत्रक जुळवायचं, मंजूर झालेली रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली कुठे जाईल ते पाहायचं, खरेदीचे प्रस्ताव तपासायचे, पगार आणि पेन्शनी मार्गी लावायच्या, ही त्याची कामं. आपल्याकडे हे पद जुनं आहे. फडणीस, मुजुमदार, पोतनीस ही सगळी हिशेबातलीच माणसं, आता नुसती आडनावं उरली. नाना फडणवीसांचा वारसाही हिशेबाच्या दप्तराचाच होता, हे आपण विसरतो.

आता पुतण्याचा मुद्दा. बाबा रे, तुझ्या कंपनीत मालकाला पटलं की विषय संपला. इथे मालक आहेत कोट्यवधी, आणि त्यातल्या कोणालाच एकट्याने सही करता येत नाही. घटनेच्या २६६व्या कलमाप्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीतून कायद्याच्या आधाराशिवाय छदामही काढता येत नाही. खर्च झाल्यावर महालेखापरीक्षक तपासणार, त्यांचा अहवाल विधिमंडळात जाणार, तिथे लोकलेखा समिती जाब विचारणार. तुला हे अडथळे वाटतात. मला ते माझ्या पैशाला लावलेलं कुलूप वाटतं आणि ते हवंच. धडाडीच्या नावाखाली ते कोणी तोडायला निघाला तर मी पहिला आडवा येईन.

पण किल्ली ज्याच्या कमरेला आहे, त्याने दार उघडायचंच नाही असं ठरवलं तर?

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर २००७ साली निवृत्त झाले. पेन्शनचे कागद दोन वर्षं आधीपासून तयार करायला घ्यावेत, असं १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत आहे. प्रत्यक्षात सरांची धारिका जिल्ह्याच्या गावच्या एका कचेरीतून पहिल्यांदा परत आली तेव्हा त्यांना निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. त्रुटी अशी, की सेवापुस्तकात १९७४-७५ च्या सेवेच्या पडताळणीची नोंद नाही. ती करून पाठवली. अडीच महिन्यांनी पुन्हा परत. ह्या वेळी नामनिर्देशनात पत्नीचं संपूर्ण नाव नव्हतं. ते केलं. मग वेतननिश्चितीच्या पानावरचा शिक्का अस्पष्ट निघाला. मग आणखी काही. असं पाच वेळा. मी सरांबरोबर एसटीने तीनदा जाऊन आलो. प्रत्येक वेळी परतीच्या गाडीत सर म्हणायचे, "आता शेवटचंच दिसतंय."

आता कोणी म्हणेल, पाकीट सरकवायचं होतं. ह्या सोप्या उत्तराचाच मला राग येतो. तिथले वरिष्ठ लेखाधिकारी अत्यंत सज्जन होते. आमचा चहासुद्धा घेत नसत. चौथ्या खेपेला मी धीर करून विचारलं, "साहेब, सगळ्या त्रुटी पहिल्याच पत्रात का नाही कळवल्यात?" ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, पहिली सापडली की आमचं काम होतं. पुढचं कशाला वाचायचं?"

पाचवी पूर्तता करून पाठवली आणि सतराव्या महिन्यात सर हृदयविकाराने गेले. मग कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद नव्याने सुरू. पेन्शन अडली असेल तर तात्पुरती पेन्शन देण्याची सोय नियमांतच आहे, हे त्या सतरा महिन्यांत आम्हाला कोणीही सांगितलं नाही. मी नंतर नियमांचं पुस्तक विकत आणून वाचलं तेव्हा कळलं. पंधरा दिवस मला झोप लागली नाही. आपण शिक्षक, आणि हे पुस्तक आधी का नाही वाचलं?

साहेबांचं ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही, कारण ते खरं होतं. आपल्या राज्यात २००५ चा दप्तर-दिरंगाईविरुद्धचा कायदा आहे. एका माणसाकडे धारिका साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं तो सांगतो. उत्तम. पण त्रुटी काढून परत पाठवली की ती त्या टेबलावरून गेलीच की! नोंदवहीत निकाली. पाच वेळा परत पाठवली तर कागदोपत्री पाच कामं झाली. सरांचं एकही झालं नाही.

आणि साहेबांच्या बाजूने पाहा. एक रुपया चुकीचा गेला तर लेखापरीक्षणात परिच्छेद येणार, खुलासा मागवणार, निवृत्तीनंतरही ससेमिरा सुटणार नाही. योग्य रुपया दीड वर्ष उशिरा गेला तर? उपदानाला उशीर झाला तर व्याज द्यायचं, ते दोषी माणसाकडून वसूल करायचं, असं पुस्तकात आहे खरं. तसं वसूल झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. म्हणजे 'हो' म्हणण्यात सगळा धोका आणि 'नाही' फुकट. अशा खुर्चीवर तुझा एमबीए बसव, तोही वर्षभरात 'नाही' म्हणायला शिकेल. हुशार असेल तर सहा महिन्यांत.

ही खुर्ची वेगळंही काही करू शकते, हे मी पाहिलंय. १९७२ च्या दुष्काळात मी कॉलेजात होतो. रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसं अजून डोळ्यांपुढे आहेत. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, हे सगळे जाणतात. १९७७ साली तिचा कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला. पण 'मागेल त्याला काम' म्हटल्यावर मजुरीचा पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ सालीच व्यवसाय कर आला, त्याचा पैसा हमीसाठी राखून ठेवला आणि तेवढीच भर सरकारने घालायची असं ठरलं. माझ्या पगारातून तो महिन्याच्या महिन्याला कापला जाई आणि शिक्षकांच्या खोलीत आम्ही कुरकुरत असू. आज कळतं की तरतूद नाही असं सांगून मजुराला परत पाठवता येऊ नये, म्हणून कोणीतरी वित्त विभागात डोकं लावून ती तजवीज केली होती. तीही नियमांत बसवूनच! पुढे त्या निधीचीही रड झाली, पण ती वेगळी कथा.

मार्चअखेरीबद्दल लिहायला बसलो तर पान पुरणार नाही. एवढंच सांगतो, एका वर्षी शाळेला प्रयोगशाळेचं अनुदान २८ मार्चला मिळालं, ३१ पर्यंत खर्च करायच्या अटीवर. दुकानात होतं ते घेतलं. परीक्षानळ्यांचे चाळीस स्टँड आले, नळ्या नव्हत्याच.

तेव्हा पुतण्या, माणूस बदलू नकोस, मोजमाप बदल. त्रुटी असतील तेवढ्या एकाच पत्रात कळवायच्या, नंतर नवीन काढायची तर वरिष्ठाने स्वतःच्या सहीने कारण द्यायचं. गोपनीय अहवालात धारिका किती हलल्या ते न लिहिता, किती माणसांच्या हातात ठरल्या तारखेला पैसे पडले ते लिहायचं. ह्याला परदेशी पदवी लागत नाही. नवा कायदाही लागेलसं मला वाटत नाही.

असो. वहिनींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, हयातीचा दाखला बँकेत द्यायचा आहे. दर नोव्हेंबरला मीच त्यांना घेऊन जातो. सोमवारी गर्दी असते, मंगळवारी जाऊ म्हणतो.