घरची गोष्ट कोर्टात गेली तर



2020 या कोविडच्या वर्षात 14 नोव्हेंबरची दिवाळी आपण झूमवर साजरी केली. फराळाचे डबे एकमेकांच्या दारात ठेवले आणि अंगणातूनच हात हलवले. न्यू जर्सीत घरात जमायला 2020 च्या अखेरीस दहाच माणसांची परवानगी होती, त्यामुळे थँक्सगिव्हिंगही ज्याच्या त्याच्या घरीच झालं. डिसेंबर 2020 मध्ये राज्यात लस टोचायला सुरुवात झाली आणि पुढच्या दिवाळीला सभागृहात भेटू, अशी आशा धरता येऊ लागली. या अंकात त्या आशेविषयी लिहिणं सोपं होतं. पण त्या काही महिन्यांत आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीकडे असे फोन आले की त्या विषयावर गप्प बसणं आम्हाला योग्य वाटत नाही. घरात मारहाण झाली, पोलीस आले, कुणाला अटक झाली, मूल कुणाकडे राहायचं हा प्रश्न कोर्टात गेला, असे ते फोन होते. कुणाचीही ओळख पटेल असं इथे काही लिहिणार नाही. लिहायचं आहे ते आपल्याबद्दल, अशा वेळी शेजारी, मित्र आणि मंडळ म्हणून आपण कसे वागतो त्याबद्दल.

ते वर्ष घरांसाठी कठीण गेलं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की नवी शोधायला साठ दिवस मिळतात, आणि त्या वर्षी ते साठ दिवस ऐन टाळेबंदीत सुरू झाले. 22 जूनच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने नवे एच-वन-बी आणि एच-फोर व्हिसा वर्षअखेरपर्यंत थांबवले. व्हिसाच्या शिक्क्यासाठी भारतात गेलेली कुटुंबं तिकडे अडकली आणि इकडे आलेले आईवडील विमानांअभावी इकडे. दोघांचं ऑफिस, मुलांची शाळा आणि सासूसासरे एकाच घरात, आणि बाहेर पडायला कुठलीच जागा नाही.

ताण मात्र सगळ्याच घरांत होता, आणि बहुतेक घरांत कुणी कुणावर हात उचलला नाही. जिथे उचलला गेला तिथे तो बहुधा आधीही उचलला जात होता. महामारीने एवढंच केलं की मार खाणाऱ्याचा ऑफिसचा दिवस, मैत्रिणीचं घर, देवळातली संध्याकाळ, माहेरची फेरी या सगळ्या वाटा एकदम बंद झाल्या. एप्रिलमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी जगभरच्या सरकारांना घरातल्या हिंसेकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. भारतात राष्ट्रीय महिला आयोगाने त्याच महिन्यात तक्रारींसाठी व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू केला, कारण घरात सगळे असताना फोनवर बोलणंही अनेकींना शक्य नव्हतं.

अशा घरातून 911 ला फोन गेला की पुढे काय होतं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतं. न्यू जर्सीत पोलिसांना इजेची खूण दिसली आणि घरगुती हिंसा झाल्याचं मानायला सबळ कारण असलं, तर अटक करायची की नाही हा पर्याय त्यांच्याकडे उरतच नाही. कायदा अटक करायलाच सांगतो. स्वतःचा बचाव करताना बळ वापरणाऱ्याला अटक करू नये, असंही तोच कायदा म्हणतो. हे संरक्षण फक्त पत्नीसाठी नाही. पती, सासू, सासरे, त्या घरात राहणारं किंवा पूर्वी राहिलेलं कुणीही ते मागू शकतं. कोर्ट बंद असलं तरी, अगदी नाताळच्या रात्रीही, पोलीस ठाण्यातून म्युनिसिपल न्यायाधीशांशी फोनवर संपर्क होतो आणि तात्पुरती रिस्ट्रेनिंग ऑर्डर, म्हणजे संरक्षण आदेश, मिळू शकते. साधारण दहा दिवसांत अंतिम सुनावणी ठेवली जाते, आणि 2020 मध्ये बऱ्याच सुनावण्या फोनवर किंवा व्हिडिओवर झाल्या. अंतिम आदेश झाला तर न्यू जर्सीत त्याला मुदत नसते. कोर्ट स्वतः बदलेपर्यंत तो लागू राहतो.

ऑर्डर हे दिवाणी प्रकरण असतं आणि मारहाणीचा आरोप हा फौजदारी खटला. दोन्ही शेजारी शेजारी चालतात, पण एक संपला म्हणून दुसरा संपत नाही. आपल्या समाजात नेमकं इथेच चुकतं.

अटकेची बातमी पसरली की आपले पहिले शब्द असतात, “तिला समजवा, तक्रार मागे घ्यायला सांगा.” ते वाईट हेतूने निघत नाहीत. गावाकडे, चाळीत, वाड्यात वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून संसार सावरल्याच्या आठवणी आपल्या मनात असतात. पण इथे फौजदारी खटला राज्य चालवतं. पत्नी त्यात साक्षीदार असते. तिने नको म्हटल्याने खटला थांबत नाही, तो निर्णय प्रॉसिक्यूटरचा. उलट साक्ष बदलावी म्हणून तिच्यावर दबाव आणणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. ऑर्डरमध्ये संपर्काला मनाई असेल तर ती मनाई सहसा तिसऱ्या माणसामार्फत होणाऱ्या संपर्कालाही लागू असते. “तो माफी मागतोय, एकदा बोल त्याच्याशी” हा निरोप घेऊन गेलेले काका किंवा पुण्याहून फोन करणारी आत्या त्याचं भलं करायला जातात, आणि आदेशभंगाचा नवा आरोप त्याच्या माथी बसतो. “सॉरी” एवढाच मेसेज किंवा वाढदिवसाला पाठवलेली फुलंही त्याला पुन्हा कोठडीत नेऊ शकतात. आदेश बदलून हवा असेल तर शक्यतो वकिलामार्फत कोर्टाकडे जायचं, तेवढी एकच वाट आहे.

म्हणून आमची पहिली विनंती. अशा वेळी समेट घडवायला जाऊ नका. सोबत करायला जरूर जा.

सोबत दोन्ही बाजूंना लागते. जिने किंवा ज्याने मार खाल्ला, त्यांना आधी सुरक्षित जागा हवी. मग औषधं, मुलांचे कपडे, पासपोर्ट, बँकेची कागदपत्रं आणि कोर्टात शेजारी बसायला कुणीतरी. “तू काय केलंस म्हणून तो चिडला?” हा प्रश्न कुणीही विचारू नये. न्यू जर्सीतच 1985 मध्ये सुरू झालेली ‘मानवी’ ही संस्था आपल्या उपखंडातल्या स्त्रियांसाठी काम करते आणि आपली भाषा, आपली नाती, सासरमाहेरची गुंतागुंत तिला समजावून सांगावी लागत नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन 1-800-799-7233 चोवीस तास चालू असते आणि सुट्ट्यांतही तिथे फोन उचलला जातो.

ज्याच्यावर आरोप आहे, त्यालाही माणसं लागतात. अटक म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे. पोलिसांनी विचारलं तर गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. अटक झालेला परदेशी नागरिक असेल, तर वकिलातीला कळवण्याचा त्याचा हक्क त्याला सांगणं हे 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार पोलिसांचं कर्तव्य आहे. न्यू जर्सीत 2017 पासून रोख जामिनाची पद्धत जवळजवळ संपली आहे, त्यामुळे जामिनासाठी मध्यरात्री वर्गणी गोळा करायची वेळ सहसा येत नाही. त्याला खरी गरज असते राहायला वेगळी जागा, चांगला वकील आणि आदेश अक्षरशः पाळायची आठवण करून देणारा एखादा मित्र. आपल्या घरी त्याला काही दिवस ठेवून घेणं म्हणजे त्याची बाजू घेणं नाही. तो त्या घरापासून लांब राहिला तर दोघंही सुरक्षित राहतात.

व्हिसावर राहणाऱ्यांसाठी इथे आणखी एक धोका आहे. घरगुती हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं कारण होऊ शकतं. संरक्षण आदेश मोडल्याचं कोर्टाने नोंदवलं, तर शिक्षा न होताही तसं होऊ शकतं. त्यामुळे “किरकोळ आरोप मान्य करून मोकळा हो” हा सल्ला फार महाग पडू शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पडिला खटल्यात सांगितलं आहे की, गुन्हा कबूल केल्याने देश सोडावा लागू शकतो का, हे अशिलाला सांगणं बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे. तेव्हा फौजदारी वकिलाला पहिल्याच भेटीत आपला व्हिसा सांगा आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही सही करू नका. 

दुसरीकडे एच-फोरवर आलेल्या पत्नीचं इथलं राहणं पतीच्या व्हिसावर अवलंबून असतं. “फोन केलास तर तुला परत जावं लागेल” ही धमकी त्यातूनच येते. पण तिच्यापुढे वाटा आहेत. अत्याचार सोसणाऱ्या एच-फोर पत्नीला स्वतः काम करण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. गुन्ह्याला बळी पडून तपासात मदत करणाऱ्यांसाठी यू व्हिसा आहे, मात्र त्याची वर्षाला दहा हजारांची मर्यादा असल्याने रांग लांब असते. पती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर तिला स्वतःचा ग्रीन कार्डचा अर्ज त्याच्याविना करता येतो. त्या घरात अडकलेल्या तिला हे कोण सांगणार? आपणच सांगायला हवं, आणि कुणाचं नाव न घेता सगळ्यांना आधीच सांगून ठेवायला हवं.

मुलांची गोष्ट सगळ्यात नाजूक. ताब्याचे आणि भेटीचे आदेश महामारीमुळे आपोआप थांबत नाहीत. विलगीकरणाची गरज पडली तर वकिलामार्फत लेखी कळवून पर्यायी दिवस ठरवावेत. भेटींचा आराखडा लिहिताना थँक्सगिव्हिंग आणि नाताळ आपोआप येतात, दिवाळी आणि गणपती येत नाहीत. ते मागून घ्यावे लागतात, तेव्हा वकिलाला आवर्जून सांगा. कोर्टाचा आदेश असताना, किंवा दुसऱ्या पालकाचा हक्क डावलण्यासाठी, मुलाला भारतात घेऊन जाणं हा इथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरू शकतो. पालकाने परदेशी नेलेली मुलं परत पाठवण्याविषयीच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे मूल परत आणायची लढाई भारतातल्या कोर्टांत वर्षानुवर्षं चालू शकते. “मुलाला घेऊन ये माहेरी, मग बघू” असं तिकडून म्हणणाऱ्या आईवडिलांना याची कल्पना नसते. त्यांच्या काळजीचा मान राखून त्यांना हे शांतपणे सांगावं लागेल. मात्र घरात जीवाला धोका असेल तर आधी सुरक्षित ठिकाणी जायचं आणि लगेच कोर्टाकडून संरक्षण मागायचं, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावं.

2020 मध्ये वाट पाहण्याचा त्रासही सगळ्यांनाच झाला. मार्चमध्ये थांबलेले ज्यूरीचे खटले सप्टेंबरात थोडे सुरू झाले आणि नोव्हेंबरात पुन्हा थांबले. आरोप डोक्यावर घेऊन कुणी किती महिने काढणार, साक्षीला कुणी किती महिने तयार राहणार, हे तेव्हा कुणी सांगू शकत नव्हतं. लांबलेल्या काळात मदत पहिल्या आठवड्यानंतरही चालू ठेवावी लागते. पहिल्या आठवड्यात सगळेच फोन करतात, चौथ्या महिन्यात कुणी करत नाही.

आमची दुसरी विनंती व्हॉट्सअ‍ॅपबद्दल आहे. कुणाच्या घरी पोलिसांची गाडी दिसली की तिचा फोटो ग्रुपवर टाकू नका. तो फोटो त्या घरातल्या मुलाच्या वर्गातल्या मित्रापर्यंत पोचतो. तुम्ही लिहिलेला मजकूर पुरावा म्हणून कोर्टात येऊ शकतो. आणि हे पाहणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरातली बाई मनाशी ठरवते की काही झालं तरी फोन करायचा नाही.

मंडळ म्हणून आम्ही काही ठरवलं आहे. मंडळ कुणाच्याही घरच्या वादात पंच म्हणून बसणार नाही आणि कुणाला तक्रार मागे घ्यायला सांगणार नाही. कार्यकारिणीकडे आलेली माहिती कार्यकारिणीबाहेर जाणार नाही. फौजदारी, कौटुंबिक आणि इमिग्रेशन या तिन्ही क्षेत्रांतल्या वकिलांशी जोडून देणं, कोर्टाच्या तारखेला सोबत करणं, सुनावणीच्या वेळी मुलांना सांभाळणं आणि डबा पोचवणं, एवढं आम्ही करू. यासाठी स्वयंसेवक हवे आहेत. आम्ही वकील नाही, म्हणून या लेखातलं सगळं तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या. फोन करायला मात्र उशीर करू नका.

वर्षानुवर्षं आपण मंडळात सणांना एकत्र आलो. ज्या घरात सण झालाच नाही, त्या घराचा फोन उचलणं हेही मंडळाचंच काम आहे, आणि ते आम्ही करणार आहोत.

आपले,
संपादक मंडळ
डिसेंबर 2020