मेंदूतली ज्वाळा आणि दुखण्याचा हिशेब

स्कॅनरच्या नळीत एक माणूस पडून आहे. समोरच्या पडद्यावर आगीची ज्वाळा दिसते आणि ती कधी वाढते, कधी कमी होते. तिचा आकार ठरवतो त्याच्याच मेंदूचा एक लहानसा भाग: अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स. ख्रिस्तोफर डीचार्म्स, स्टॅनफर्डचे शॉन मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध केला. दुखण्यावरून लक्ष काढून बघा, चटका सौम्य आहे असे मानून बघा, अशा सूचना देऊन ज्वाळा आटोक्यात आणायला सांगितले गेले. निरोगी लोकांना ते साधले आणि त्वचेला दिलेल्या उष्णतेच्या चटक्याची तीव्रताही त्यांना कमी-जास्त जाणवू लागली. जुनाट दुखण्याच्या आठ रुग्णांनीही आराम पडल्याचे सांगितले.

हाच भाग का निवडला? १९९७ मध्ये पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी संमोहनाच्या सूचनांनी वेदनेचा नकोसेपणा बदलून पाहिला, तेव्हा सिंग्युलेटच्या हालचालीत फरक पडला. वेदनेची जागा आणि जोर टिपणाऱ्या भागात मात्र तसा फरक दिसला नाही. दुखणे आणि दुखण्याचा जाच मेंदूत काही अंशी वेगळे हाताळले जातात, असा त्याचा अर्थ. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यात मूळ इजा भरून आली तरी जाच उरू शकतो. आपल्याकडे अशा माणसाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे मनाचे खेळ’ असे सांगून वाटेला लावले जाते. (सांगणाऱ्याची कंबर बहुधा ठणठणीत असते.) असे संशोधन निदान या शेऱ्याला तरी उत्तर देते.

पण उपचार म्हणून हे कितपत चालते, हा प्रश्न उरतोच. या स्कॅनरमागचे फंक्शनल एमआरआय तंत्र मज्जापेशींची हालचाल थेट दाखवत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून ती ताडते. तो बदल काही सेकंद उशिरा उमटतो, म्हणजे पडद्यावरची ज्वाळा थोडी शिळीच असते. शिवाय कोट्यवधींचे यंत्र, तासन् तास लक्ष देणारे तज्ज्ञ आणि ‘हे माझ्यासाठी चालले आहे’ ही भावना यांनीही वेदना उतरते. डीचार्म्स यांच्या गटाला याची जाण होती. म्हणून त्यांनी काही निरोगी सहभागींना दुसऱ्याच्याच मेंदूची नोंद दाखवली, काहींना भलत्याच भागाची. त्यांना ते नियंत्रण जमले नाही. रुग्णांच्या बाबतीत मात्र तुलनेचा गट फारच लहान होता. रॉबर्ट थिबॉल्ट आणि अमीर राझ यांनी २०१७ मध्ये न्यूरोफीडबॅकच्या, म्हणजे आपल्याच मेंदूची नोंद पाहून ती बदलायला शिकण्याच्या तंत्राच्या, एकूण दाव्यांवर नेमका हाच आक्षेप घेतला: खोटी नोंद दाखवूनही जवळपास तेवढाच गुण येत असेल, तर श्रेय मेंदूच्या चित्राला कसे द्यायचे?

आराम खरा, त्याचे कारण अनिश्चित, असा हा मामला आहे. संशोधनासाठी ही वाट चांगली आहे आणि तिच्यावर पैसा खर्च व्हावा. बाह्यरुग्ण विभागात दरपत्रक लावून विकण्याजोगे मात्र यात अजून काही नाही. व्यायाम, फिजिओथेरपी, झोपेची शिस्त आणि मानसोपचाराची जोड ही साधने स्वस्त आहेत आणि त्यांच्यामागे पुरावाही जास्त आहे. उद्या कुणी मेंदूचे रंगीत चित्र दाखवून दुखणे घालवण्याचे पॅकेज पुढे केले, तर पैसे भरण्याआधी एवढे जरूर विचारा: खोटी नोंद दाखवलेल्या रुग्णांना किती गुण आला?