कॉमावर तुटणाऱ्या याद्या

एकाच फील्डमध्ये वापरकर्त्याकडून अनेक नावे लिहून घ्यायची, कॉमा दिसेल तिथे ती तोडून यादी करायची, आणि फॉर्म दुरुस्तीसाठी पुन्हा उघडला की कॉमा घालून जोडून दाखवायची. हे काम आपण सर्वांनी केले आहे. दोन ओळींचा कोड म्हणून त्याची टेस्ट सहसा कोणी लिहीत नाही. माहिती नेमकी इथेच बिघडते, आणि कुठलीही एरर न येता बिघडते.

जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये काय होते ते पाहा. समजा, शाखा निवडण्यासाठी चेकबॉक्स दिले आहेत आणि त्यांची मूल्ये ‘सदाशिव पेठ, पुणे’ आणि ‘गंगापूर रोड, नाशिक’ अशी आहेत. दोन्हींवर खूण केली तर सर्व्हरला दोन मूल्ये मिळतात आणि यादीतही दोनच येतात. एकावरच खूण केली, तर मात्र ती एकुलती एक स्ट्रिंग कॉमावर तुटते. ‘सदाशिव पेठ’ आणि ‘पुणे’ अशा दोन शाखांची नोंद होते. दोन-तीन खुणा करून तपासणाऱ्याला हा दोष सापडणारच नाही. कन्व्हर्टर बदलून तो टाळता येतो. पण मूल्य म्हणून नावाऐवजी शाखेचा आयडी पाठवला तर प्रश्नच उरत नाही.

आपल्याकडे आकड्यांतही कॉमा असतो. किमतींच्या फील्डमध्ये कोणी ‘1,50,000, 2,25,000’ लिहिले, तर दोन किमतींचे सहा तुकडे होतात.

रिकामे फील्डही फसवते. जावा, जावास्क्रिप्ट आणि पायथन, तिन्हींत रिकामी स्ट्रिंग कॉमावर तोडली की रिकामी यादी मिळत नाही. एक रिकामी स्ट्रिंग असलेली यादी मिळते. बिननावाचे टॅग डेटाबेसमध्ये शिरतात ते या वाटेने. ‘मुंबई,ठाणे,,’ तोडल्यावर जावा शेवटचे रिकामे तुकडे गाळून दोन देते, बाकीच्या दोघी चार देतात. टेक्स्टएरियात ओळीला एक नाव घेतले, तरी ब्राउझर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी जोडी पाठवतो. नुसत्या लाइन फीडवर तोडले तर कॅरेज रिटर्न नावाला चिकटून राहतो. पडद्यावर तो दिसत नाही, पण तुलना चुकते.

2005 च्या आरएफसी 4180 ने सीएसव्हीसाठी अवतरणचिन्हांचा नियम सांगितला आहे. फाइलींसाठी तो चांगला आहे. फॉर्म भरणाऱ्या माणसाने तो पाळावा, ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे.

एचटीएमएलमधल्या ईमेलच्या फील्डला ‘मल्टिपल’ लावले की पत्ते कॉमाने वेगळे होतात, आणि ते निर्धोक आहे. कारण एचटीएमएलच्या व्याख्येप्रमाणे वैध पत्त्यात कॉमा येऊच शकत नाही. आमच्या मते कसोटी हीच असावी. पिनकोड किंवा आयडी असतील तर खुशाल कॉमा वापरा. माणसाने मोकळेपणी लिहायचा मजकूर असेल, तर एकाच नावाची अनेक फील्ड द्या. ब्राउझर प्रत्येक मूल्य वेगळे पाठवतो. तोडणे आणि जोडणे मात्र एकाच ठिकाणी, फंक्शनांच्या एकाच जोडीत ठेवा.

या महिन्यात आपल्या प्रकल्पातले असे एक फील्ड निवडा. रिकामी यादी, एकाच घटकाची यादी आणि कॉमा असलेल्या घटकाची यादी, अशा तिन्ही जोडून पुन्हा तोडा. मूळची यादी जशीच्या तशी परत येते का, याची टेस्ट लिहा आणि निकाल आम्हाला कळवा.