फलकावरचे कापड

दुकानाच्या फळीवर कोणता माल ठेवावा हे ठरविण्याचा अधिकार दुकानदाराचा होय. उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथील एखाद्या व्यापाऱ्यास अमुक कंपनीचे अथवा तिच्या देशाचे राजकारण अमान्य असेल, तर त्याने तिचा माल बेलाशक नाकारावा. कायदा त्याच्या आड येत नाही. परंतु या अधिकाराचे मोल कोण चुकते करतो, याचा हिशेब फारसा कोणी मांडीत नाही.

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले आणि चिनी मालावरील बहिष्काराची हाक देशभर उठली. काउंटरपॉइंट या संस्थेच्या गणनेनुसार त्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत मोबाईलच्या बाजारात चिनी कंपन्यांचा वाटा ८१ टक्के होता. दुसऱ्या तिमाहीत तो ७२ वर आला, आणि त्यातही टाळेबंदीने अडलेल्या पुरवठ्याचा हात होता. शंभरांतील बहात्तर फोन ज्यांचे, त्यांनाच दार बंद करणारा दुकानदार प्रथम स्वतःच्या पोटास चिमटा घेतो. गोदामातील मालाचे पैसे त्याने बहुधा आधीच मोजलेले असतात. करारात तसे लिहिलेले नसेल, तर तो माल परत घेण्यास वितरक बांधलेला नसतो. गाळ्याचे भाडे थांबत नाही. आणि आपल्या या तीन गावांत तर गिऱ्हाइकाने पुढच्या स्टेशनावर उतरले की पुरे! हे सारे जाणून जो तोटा सोशितो, त्याचे मत आम्हांस पटो वा न पटो, त्याच्या निश्चयाचा आम्ही आदर करतो.

मात्र त्याच महिन्यात ऑल इंडिया मोबाईल रिटेलर्स असोसिएशनने चिनी कंपन्यांस पत्र लिहून, मोडतोडीच्या भीतीने दुकानांवरील त्यांचे फलक झाकण्याची वा उतरविण्याची मुभा मागितली. शाओमीने आपल्या फलकांवर ‘मेड इन इंडिया’ अशी कापडे चढविली. फलक झाकणारा हा दुकानदार बहिष्कार टाकीत नव्हता. तो बहिष्काराला भीत होता.

एकट्याने माल नाकारणे निराळे आणि व्यापारी संघाने सभासदांस ‘हा माल विकाल तर याद राखा’ असे बजावणे निराळे. पुरवठा रोखणाऱ्या संगनमतास २००२ च्या स्पर्धा कायद्याचे तिसरे कलम मनाई करते; औषधविक्रेत्यांच्या संघटनांना त्याखाली दंड झालेले आहेत.

मालावरचा बहिष्कार माणसावर येण्यास किती वेळ लागतो, हे आमच्या वाचकांस सांगणे नको. गावच्या वाण्याने मीठमिरची बंद केली की काय होते, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. म्हणूनच पहिल्या गोलमेज परिषदेपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व रावबहादूर श्रीनिवासन यांनी ठेवलेल्या योजनेत बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. तिची कलमे ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतलेली होती. अनुसूचित जातीजमातींवरील सामाजिक वा आर्थिक बहिष्कार, इतकेच नव्हे तर त्याची धमकीही, अत्याचार प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरली ती २०१५ च्या दुरुस्तीने. ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. आरोपी मात्र त्या जातीजमातींबाहेरचा असावा लागतो.

उद्या एखाद्या मोर्चात मालाच्या यादीपाठोपाठ दुकानदारांचीही यादी वाचली गेली आणि तीत आपल्यापैकी कोणा होतकरू तरुणाचा गाळा निघाला, तर त्याने फलकावर कापड चढवीत बसू नये. थेट पोलीस ठाणे गाठावे, धमकीचे शब्द जसेच्या तसे फिर्यादीत लिहवून घ्यावेत आणि फिर्यादीची प्रत हाती पडल्यावाचून तेथून उठू नये.