गुणवत्तेचा मामा

आम्हा बँकेतल्या माणसांना दशांश चिन्हाचं फारसं कौतुक नसतं. रुपयाचे पैसे शंभर, तेव्हा चिन्हाच्या उजवीकडं दोन आकडे झाले की आमचा संसार संपला. तिसरा आकडा उगवलाच, तर त्याला वर ढकलायचा किंवा खाली सोडून द्यायचा आणि घरची वाट धरायची. पण राज्याच्या सीईटीचा निकाल कधी पाहिलात का? चिन्हापुढं सात आकडे! गुजरीतला सराफ सोनंसुद्धा इतकं बारीक तोलत नाही. पेपर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रांत होतात; एखाद्या सत्राचा सोपा, एखाद्याचा अवघड. म्हणून आपल्या सत्रातली शेकडा किती मुलं आपल्या मागं राहिली ते मोजतात आणि त्याला पर्सेंटाइल म्हणतात. इथवर माझ्यासारख्या बी.कॉम. सेकंड क्लासलाही समजतं. समजत नाही ते एवढंच, की सातव्या आकड्यावर पुढं सरकलेला पोरगा गुणवान आणि मागं राहिलेला ठोंब्या, हे कुणी ठरवलं?

मला बी.कॉम.ला प्रवेश मिळाला तो काळ फार सोपा होता. बारावीचं मार्कलिस्ट आणि कॉलेजपर्यंत चालत जाण्याइतके पाय, एवढी सामग्री पुरे. त्यामुळं 'गुणवत्ता' हा शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला तो आमची थोरली बारावीला गेल्यावर, रंकाळ्यावर.

सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणारी माणसं प्रकृतीसाठी येतात, असा एक समज आहे. जून ते सप्टेंबर हा समज बाजूला ठेवावा. त्या दिवसांत कठड्यावर पालकांचं अधिवेशन भरलेलं असतं. पहिला राऊंड, दुसरा राऊंड, कटऑफ, बेटरमेंट, ऑप्शन फॉर्म अशी भाषा चालू असते. ज्या माणसाला स्वतःच्या विम्याचा हप्ता कधी भरायचा ते आठवत नाही, तो तीन वर्षांपूर्वीचा सांगलीच्या वालचंदचा कटऑफ तोंडपाठ म्हणून दाखवतो. आणि या अधिवेशनाचे कायमचे अध्यक्ष म्हणजे आमचे हार्डवेअरवाले आण्णा.

(आण्णा म्हणजे एक माणूस नव्हे. नोकरीला लागताना मी गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहे. तीन-चार खातेदार एकत्र कालवून मी हे आण्णा तयार केलेत. तरी उद्या शाखेत किमान दहा जण "आमच्यावर लिहिलंय काय?" म्हणून विचारायला येतील, त्याला माझा इलाज नाही.)

"ह्या आरक्षणानं वाटोळं केलं बघा साहेब," आण्णा सुरुवात करतात. "गुणवत्तेला काय किंमतच ऱ्हायली न्हाई."

आता हे आण्णांचं ठाम मत असतं, तर मी त्याला मान दिला असता. पण मताचं असं आहे, की ते आण्णांच्या पोराच्या मार्कांप्रमाणं वर-खाली होतं. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं मेडिकलचं सत्तर-तीसचं सूत्र मोडीत काढलं. विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र असे तीन वाटे होते. ज्या वाट्यात कॉलेज, तिथल्या सत्तर टक्के जागा त्याच वाट्यातल्या मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं थोडी, म्हणून तिथले पालक वर्षानुवर्षं ओरडत होते. आता पत्ता बघून सत्तर टक्के जागा वाटणं हा कोटाच की! गुणवत्तेच्या भक्तांनी त्या दिवशी पेढे वाटायला हवे होते. पण त्या साली आण्णांचा थोरला रांगेत होता.

"लातूरची पोरं येणार आणि आमच्या जागा घेणार!" आण्णा मास्कच्या आतून गरजले.

"पण आण्णा, त्यांना मार्क जास्त असतील तर?"

"मार्काचं काय घिऊन बसलाय साहेब? हितल्या माणसाचा काय हक्क हाय का न्हाई?"

आपल्याला मिळतो तो हक्क, दुसऱ्याला मिळते ती सवलत. एवढं व्याकरण आलं की पालकसभेचं सदस्यत्व मिळतं. त्याआधी, २०१९ साली घटनादुरुस्ती होऊन आर्थिक दुर्बलांना दहा टक्के जागा आल्या आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं अशी अट पडली. तेव्हा आण्णांचं दुकान कागदोपत्री इतकं खाली आलं, की मला त्यांच्या कॅश क्रेडिटची काळजी वाटू लागली. सकाळी रंकाळ्यावर आरक्षणाला शिव्या आणि दुपारी तहसील कचेरीत दाखल्याच्या रांगेत नंबर. दोन्हीकडं माणूस तोच, टोपी तेवढी बदललेली.

तरीही, आरक्षणाला विरोध करू नये असं माझं म्हणणं नाही. ते किती असावं, कुणाला असावं, कधीपर्यंत असावं, यावर माणसांनी जरूर भांडावं. रंकाळ्याचा कठडा त्यासाठी पुरेसा लांब आहे. माझी तक्रार एवढीच, की या भांडणात जातीचा कोटा निघतो, भागाचा निघतो, २०२४ च्या नीटमध्ये सदुसष्ट पोरांना पैकीच्या पैकी कसे पडले तेही निघतं. एक पैशाचा कोटा तेवढा कुणी काढत नाही. त्याचं नाव निघालं की सगळ्यांना एकदम चहाची तलफ येते.

आमच्या वडिलांच्या पिढीत ज्याच्या पोराला मार्क कमी आणि बापाला ऊस जास्त, तो निपाणी ओलांडून कर्नाटकात जायचा. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि तिकडचं एसटीचं तिकीट वाचलं. या कॉलेजांमुळं खेड्यापाड्यांतली हजारो पोरं इंजिनिअर झाली, हे खरंच आहे; माझे दोन मावसभाऊ त्यांतलेच. पण पाठोपाठ 'डोनेशन' हा शब्द घरोघरी पोचला. दानशूरपणाला इतका ऊत आला, की १९८७ साली त्याच्याविरुद्ध कायदा करावा लागला. कर्णाच्या काळी ही वेळ आली नव्हती.

मग २००५ साली सुप्रीम कोर्टानं इनामदार खटल्यात खाजगी कॉलेजांना पंधरा टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठी ठेवायला मुभा दिली. त्यांच्याकडून जादा फी घ्यावी आणि तो पैसा गरीब मुलांच्या कामी यावा, असा हेतू. हेतू चांगलाच होता. आमच्या बँकेच्या प्रत्येक परिपत्रकाचाही तो असतो. पण परदेशात राहणारा माणूस शिकायला पोरगं इकडं पाठवणार किती? म्हणून मग नात्याची दोरी सैल सोडायची. पंजाब सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये ती काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबांपर्यंत सोडली. मामा कॅनडात असला की भाचा लुधियानात गुणवान! हायकोर्टानं ते रद्द केलं आणि सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं, ही शुद्ध फसवणूक आहे, असं सुनावून सरकारला परत पाठवलं. मराठीत 'मामा बनवणे' हा वाक्प्रचार ज्यानं घडवला, तो फार दूरदृष्टीचा माणूस असला पाहिजे.

आणि सप्टेंबर २०२३ चं तर कुणी बोलतच नाही. डॉक्टर झालेल्यांना पुढच्या शिक्षणासाठी नीट-पीजी द्यावी लागते. तिची पात्रता त्या महिन्यात सगळ्या वर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. शून्य! आठशेपैकी उणे चाळीस मिळवणाराही पात्र. उणे चाळीस म्हणजे काय, ते कृपा करून पुन्हा एकदा वाचा. पेपर कोरा ठेवून घरी गेलेल्या माणसाला शून्य मिळतात. तो याच्या चाळीस मार्कांनी पुढं. कारण काय दिलं, तर जागा रिकाम्या राहतात. काही जागा कुणालाच नको असलेल्या विषयांच्या असतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काही रिकाम्या राहतात त्या फी ऐकूनच पोरं पळून जातात म्हणून. तिथं फी खाली आणायची सोडून गुणवत्ता खाली आणली. हा निर्णय आला त्या दिवशी मी मुद्दाम रंकाळ्यावर लवकर गेलो. म्हटलं, आज आण्णा पेटणार. आण्णा त्या दिवशी मिसळीच्या कटावर बोलत होते.

धाकट्यांच्या परीक्षेतही तेच. २०२४ च्या नीटला खुल्या वर्गाची पात्रता ७२० पैकी १६२ होती. शेकडा साडेबावीस. इतक्या मार्कांवर आम्हाला शाळेत पुढच्या वर्गात ढकलत नसत. त्या साली सरकारी कॉलेजात शिरायला अनुसूचित जातीच्या पोराला याच्या दुपटीहून कितीतरी जास्त मार्क लागले. पण आण्णांच्या हिशेबात कोट्यातून आला तो हाच. एकशे ऐंशीवाला पैसे मोजून दारातून आत गेला, तो मात्र 'ॲडमिशन झाली हो एकदाची'. पेशंटच्या जिवाची काळजीसुद्धा फक्त पहिल्याच्या बाबतीत वाहायची असते.

मी हे बोलतो, कारण मी काउंटरच्या या बाजूला बसतो. तिथून काही गोष्टी नको असताना दिसतात. दोनेक वर्षांपूर्वी भुदरगडकडचे एक शेतकरी आले. आमच्याकडं वयस्कर खातेदाराला मामा म्हणायची पद्धत आहे, आणि हे तर खरोखरच मामा होते. बहिणीचा नवरा वारलेला, भाचा हुशार. त्याची सरकारी जागा दोन-तीन मार्कांनी हुकली होती आणि एका खाजगी ठिकाणी मिळत होती.

"साहेब, वर्षाची फी एवढी हाय," त्यांनी कागद पुढं सरकवला. पुढं सात-बाराचा उतारा. "दीड एकर हाय. सगळं लावतो. पोराला डॉक्टर करायचाय."

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, पुढं लागतं. फीचा आकडा त्याच्या खूप पुढं होता. आणि शेतजमीन तारणाला चालत नाही, कारण कर्ज थकलं तर जप्ती करायचा बँकांना जो कायदा आहे, तो शेतजमिनीला लागू नाही. शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून केलेली तरतूद. हे मी त्यांना समजावून सांगितलं. मामांनी ते सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे जमीन माझीच ऱ्हानार, पर उपेग न्हाई, असंच न्हवं?" मी 'हो' म्हणालो. भाचा बी.एस्सी.ला गेला. त्याच आठवड्यात शेजारच्या खिडकीवर तसल्याच एका जागेसाठी एक आरटीजीएस झालं. पाठवणाऱ्याचं नाव सांगणार नाही, सही केलीय.

हे सगळं मी एकदा आण्णांना दसरा चौकातून घरी जाताना सांगितलं. "मी तरी काय म्हंतोय?" आण्णा म्हणाले. "जात बघू नका, गरिबी बघा." मी समोर बोट दाखवलं. चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि आजूबाजूला मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग. महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखल्या, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. पण त्याच्या आधीच, १९०१ पासून, ही बोर्डिंगं उघडायला सुरुवात झाली होती. पोरगं मागं का पडतं, याचं कारण त्या माणसानं पोराच्या डोक्यात शोधलं नाही. ताटात आणि छपरात शोधलं. "गरिबी बघायची तर इथनं सुरुवात करू," मी म्हटलं. "जी जागा पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही, तिच्याबद्दल आधी भांडू. मग बाकीच्या कोट्यांचं बघू." आण्णांना दुकान उघडायचं होतं.

म्हणून यंदा मी एक केलं. प्रवेशाच्या याद्या जाहीर होतात. कुठल्या कोट्यातून, किती मार्कांवर, कुणाला जागा मिळाली, ते त्यात दिलेलं असतं. सगळे पहिली पानं वाचतात आणि आरक्षित रकान्यापाशी थांबून उसासे टाकतात. मी शेवटची पानं काढून घेतली, त्यातल्या संस्थेच्या कोट्याखाली लाल पेनानं रेघा ओढल्या (या कामाचा मला वीस वर्षांचा सराव आहे) आणि कागद कठड्यावर आण्णांच्या पुढ्यात ठेवला. आण्णांनी चष्मा लावला. वरून खाली वाचत आले. एका रेघेपाशी बराच वेळ थांबले, कागदाची घडी घातली आणि ती माझ्या खिशात परत सारत म्हणाले,

"मार्काचं एक आसू द्या साहेब, पर ह्यात पोरांची नावं कशापायी छापत्यात?"