घर शहाणे कशाने होते?

ठरावीक वेळी दिवे लावणारी, गिझर तापवणारी आणि बागेला पाणी घालणारी उपकरणे आता बाजारात सहज मिळतात. घरी अशी स्वयंचलित व्यवस्था करावी, असे तुम्हालाही वाटत असेल. जरूर करावी. परंतु तिची सुरुवात दिव्यांपासून न करता पाण्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरचेच उदाहरण घ्या. सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात मलिक अंबरने बांधलेली नहर टेकड्यांच्या बाजूचे पाणी केवळ उताराच्या जोरावर गावात आणीत असे. आज शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येते आणि ते पंपांनी वर चढवावे लागते. म्हणजे गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली, की पाण्याबरोबर वीजही वाहून जाते. मिनिटाला १० लिटर पाणी येत असेल आणि नळ १० मिनिटे उशिरा बंद झाला, तर १०० लिटर पाणी गेले. गेली कित्येक वर्षे ज्या शहरातील अनेक वस्त्यांना काही दिवसांआड पाणी मिळाले, तिथे ही उधळपट्टी कशी परवडेल?

याला उपाय म्हणजे टाकीतला तरंगता गोळा. पाणी चढले की गोळा वर जातो, त्याचा दांडा तोटी बंद करतो. पाणी उतरले की तोटी पुन्हा उघडते. त्याला ना वीज लागते, ना घड्याळ. झालेल्या कामाचा परिणाम पाहून पुढचे काम ठरवणे, हेच खऱ्या स्वयंचलनाचे मर्म आहे. केवळ घड्याळावर चालणारा बागेचा पंप भर पावसातही पाणी घालतो आणि टाकी रिकामी असली तर कोरडाच फिरून बिघडतो. त्यापेक्षा झाडाशेजारी पुरलेले मातीचे मडके शहाणे! माती सुकली की त्यातून पाणी जास्त झिरपते, ओली असली की कमी.

पाण्यानंतर गिझरचा क्रम लावावा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला २००० वॅटच्या गिझरला साधारण १३ मिनिटे लागतात. तो तासन् तास चालू ठेवला, तर थर्मोस्टॅट वीज तोडतो खरा, पण टाकीतून उष्णता बाहेर जात राहते आणि ती भरून काढण्यासाठी वीज पुन्हा पुन्हा सुरू होते. येथे वेळेचे बटण उपयोगी पडते.

आणि दिवे? ९ वॅटचा एलईडी दिवा रोज ५ तास विनाकारण जळत असेल, तर तो बंद करून ४५ वॅट-तास वाचतील. पण त्यासाठी बसवलेले उपकरण स्वतःच २ वॅट घेत दिवसरात्र जागे राहिले, तर २४ तासांत ४८ वॅट-तास खाईल! दिवा विझवायला आपला हातच स्वस्त.

काही जण म्हणतील, की वृद्धांना आणि अपंगांना अशा दिव्यांची मोठी सोय होते. ते अगदी खरे आहे. तिथे हिशेब विजेचा नसून माणसाच्या स्वावलंबनाचा आहे, आणि तो खर्च योग्यच होय.

म्हणून उपकरण विकत आणण्यापूर्वी एक आठवडा घरातली नोंद ठेवा: टाकी किती वेळा वाहिली, गिझर किती वेळ चालू राहिला, कोणता दिवा उगाच जळला. शिक्षकांनी या नोंदी वर्गात फळ्यावर मांडून घ्याव्यात. प्रयोग करायचे ते मात्र बॅटरीवरच. घरातल्या विजेच्या तारांना जाणकाराशिवाय कोणीही हात लावू नये. नोंद पाहिल्यावर कदाचित असे दिसेल, की तुमच्या घराला संगणकाची नव्हे, एका चांगल्या तरंगत्या गोळ्याची गरज आहे.