ध्वनीच्या तुकड्याला नाव हवे

आमच्या दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकावरून यवतमाळ–मूर्तिजापूर ही नॅरोगेज गाडी जात असे. सारे तिला ‘शकुंतला’ म्हणत. ती बंद पडण्यापूर्वी एकदा रुळांपासून थोडे दूर उभे राहून मी मोबाईलवर तिचा भोंगा मुद्रित केला. गाडी जवळ येताना भोंग्याचा स्वर किंचित चढा आणि दूर जाताना उतरलेला ऐकू येतो. हाच डॉप्लर परिणाम. दोन्ही वारंवारता मोजल्या की गाडीचा वेग काढता येतो, आणि तोच मला वर्गात काढून दाखवायचा होता.

घरी संगणकावर मी त्या मुद्रणाचे दोन तुकडे केले, एक येतानाचा, एक जातानाचा. त्यांतला एक जरा मंद करून ऐकला आणि तसाच साठवला. नावे दिली ‘नवीन’ आणि ‘नवीन फायनल’. मूळ मुद्रण जागा अडवते म्हणून पुसून टाकले. दोन वर्षांनी ते उघडले तेव्हा कोणता तुकडा मंद केलेला आणि किती, हे मलाच सांगता येईना. फाइलवरची तारीखही मुद्रणाची नव्हती, दुसऱ्या संगणकावर प्रत केल्याच्या दिवसाची होती.

आता हिशेब पाहा. गाडीचा वेग ताशी २५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर धरू. उन्हाळ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर येतानाच्या आणि जातानाच्या वारंवारतांचे गुणोत्तर ३५७ भागिले ३४३. फरक अवघा चार टक्क्यांचा! पेटीवरच्या लगतच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांतही जवळजवळ सहा टक्के असतो. एक तुकडा पाच टक्के मंद झाला आणि तशी नोंद नसली, तर मोजमाप संपलेच. गाडी आता धावत नाही. प्रयोग पुन्हा करायचा कसा?

म्हणून माझे मत असे, की तुकड्याचे नाव हा मोजमापाचाच भाग आहे. प्रयोगवहीत एकक लिहिले नाही तर आम्ही शिक्षक गुण कापतो. विज्ञान प्रदर्शनात मुले पक्ष्यांचे आवाज, आजीच्या ओव्या मुद्रित करून आणतात, तेव्हा मात्र आम्ही तक्ता पाहतो आणि पुढे जातो. फोल्डर उघडून पाहावे, त्यालाही गुण असावेत.

‘मोतीबाग-भोंगा-येताना-मूळवेग’ एवढे नाव पुरे. तारीख वर्ष, महिना, दिवस अशी लिहिली की यादी आपोआप कालक्रमाने लागते. कापाकापी करताना मूळ मुद्रणाला हात लावू नये. ऑडॅसिटी या मोफत आज्ञावलीत २०२१ पासून तुकड्याची कड आत ओढली तर उरलेला भाग नुसता झाकला जातो, कड बाहेर ओढली की परत येतो. पण तोच तुकडा वेगळी फाइल म्हणून काढला, तर त्या फाइलमध्ये झाकलेले काही नसते. जागेची सबब आता मलाच पटत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, वाहिन्या दोन. मिनिटाला साडेदहा मेगाबाइट. ६४ गिगाबाइटच्या बोटभर पेनड्राइव्हवर असे शंभर तास मावतात.

सर्वांत चांगली युक्ती जुनीच आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन तबकडीसाठी मुद्रित झाले. तबकड्या तयार होत जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून त्या गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. नाव आवाजातच असल्यावर चिठ्ठी हरवणार कशी? आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता-ऐकताना गायिकेचे नाव आणि गाव कळते. त्या नोंदी नसत्या तर एवढ्या आयाबायांतली कोण काय गायली, हे आता कोणाला विचारणार?

मीही हल्ली मुद्रण सुरू केले की आधी तारीख, ठिकाण आणि काय मुद्रित करतो आहे ते मोठ्याने बोलतो. विद्यार्थी हसतात. भोंग्याचे ते दोन तुकडे अजून माझ्या संगणकावर आहेत. त्यांचे नाव बदलून मी ‘शकुंतला, वेग अनिश्चित’ असे ठेवले आहे.